हार्लबरीचे त्रेपन्न आर्चडीकन

"मिळाली! उल्का, ग्रँट मिळाली!"

मार्गारेटबाई पत्र हलवत दारात उभ्या होत्या. वय एक्क्याऐंशी, दोन्ही गुडघे बदललेले, तरी नाचायच्या बेतात. बाई अर्थात इंग्रजीतच बोलतात. पण चार वर्षांच्या सहवासानंतर मला त्या मराठीतच ऐकू येतात, म्हणून तसंच सांगते.

"दोन वर्षं असिस्टंट ठेवता येईल. पगारी! स्वतःचं टेबल, फोन, दारावर नाव. आणि असिस्टंट कोण, ते मी अर्जात लिहूनच टाकलंय."

मी हातातलं भिंग खाली ठेवलं. आनंदाने डोळ्यांत पाणी आलं आणि लगोलग माझा व्हिसा आठवला. मी अमेरिकेत एच-फोर व्हिसावर आले होते. एच-फोर म्हणजे नवऱ्याच्या नोकरीला बांधलेली बायको. तिने गाडी चालवावी, गराज सेलला जावं, पॉटलकच्या सामायिक जेवणाला साबुदाण्याचे वडे न्यावेत. पगारी काम करू नये. कागदोपत्री तिला 'डिपेंडंट' म्हणतात. हे मी बाईंना पूर्वी दोनदा सांगितलं होतं, पण असा कायदा असू शकतो यावर त्यांचा विश्वासच बसला नव्हता.

पुण्याला मी सहा वर्षं दफ्तरात मोडी कागद वाचत होते. २००२ साली लग्न करून ॲन आर्बरला आले आणि पहिला अख्खा हिवाळा खिडकीतून बर्फ बघण्यात घालवला. शंतनू सकाळी सातला जायचा, संध्याकाळी सातला यायचा. मधल्या बारा तासांत मी स्वयंपाकघरातले डबे इतक्या वेळा पुसले की त्यांवरची लेबलं गेली. मग लायब्ररीच्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली, 'जुनी हस्ताक्षरं वाचायला मदत हवी. पगार नाही.' एका जुन्या चर्चला लागून छोटी अभ्याससंस्था होती, तिच्या तळघरात मार्गारेटबाई बसायच्या.

बाई इंग्लंडमधल्या हार्लबरीच्या आर्चडीकन या पदाचा इतिहास लिहीत होत्या. आर्चडीकन म्हणजे बिशपच्या हाताखालचा बडा अधिकारी, आपल्याकडचा मामलेदारच म्हणा. वर्षातून एकदा गावोगाव फिरून चर्चची तपासणी करायची. छप्पर गळतं का, कुंपण धड आहे का, पाद्री पितो का, सगळं लिहून घ्यायचं. नऊशे वर्षांत असे त्रेपन्न झाले. त्यांतल्या एकाने तर तीस वर्षं रोममध्ये बसून पद सांभाळलं, हार्लबरी कुठल्या दिशेला आहे हेही त्याला माहीत नसावं.

पहिल्या दिवशी मला एक अक्षर लागलं नाही. पण मोडीत आम्ही करायचो तेच केलं. शब्दाच्या मागे लागायचं नाही. माहितीचं एखादं गावाचं नाव धरायचं, त्यातली अक्षरं ओळखायची आणि ती पानभर शोधत जायचं. महिन्याभरात मी वाचायला लागले. बाई म्हणाल्या, "माझ्या विद्यार्थ्यांना हे तीन वर्षांत जमलं नाही." त्या दिवशी बसमध्ये मी एकटीच हसत होते.

एकतिसावा आर्चडीकन माझा विशेष नावडता. सोळाव्या शतकात, कॅथलिक राणी मेरीच्या काळात, लग्न केलेल्या पाद्र्यांना हुकूम निघाला की बायको सोडा नाहीतर पद सोडा. याने आधी पद घालवलं, मग बायको सोडली आणि शेजारच्या परगण्यात नवं पद मिळवलं. दफ्तरात त्या बाईचा उल्लेख फक्त 'ती स्त्री' असा. मी आणि मार्गारेटबाईंनी चार महिने तिचं नाव शोधलं. शेवटी एका खेड्याच्या तपासणीच्या कागदात सापडलं, जोन. आम्ही दोघींनी चहाचे कप एकमेकांना भिडवले.

तर ग्रँट. संस्थेच्या ऑफिसातली लिंडा भली बाई. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग सांगितलं, "परमिट नाही, तर पोस्ट देता येणार नाही."

"ठीक आहे. मी आधीसारखी फुकट येते."

"तेही आता जमणार नाही, हनी. कालपर्यंत ते हौशी काम होतं. आता त्याला पगार लागलाय. पगाराचं काम फुकट केलं तरी ते कामच. तुझा व्हिसा धोक्यात येईल."

म्हणजे बाईंनी प्रेमापोटी माझ्यासाठी दार उघडायला जावं आणि आत होते तीच मी बाहेर फेकली जावी! मार्गारेटबाई तर ग्रँट परत करायला निघाल्या होत्या. मीच नको म्हटलं. पुस्तक व्हायला हवं होतं आणि त्यांना रोजच्या रोज माणूस हवं होतं. काही मार्ग निघतो का पाहू म्हणत लिंडाने ऑक्टोबरपर्यंत जागा रिकामी ठेवायचं कबूल केलं.

आणि जूनमध्ये चमत्कार झाला. वर्षानुवर्षं अडकलेल्या ग्रीन कार्डांच्या तारखा सरकारने एकदम खुल्या केल्या. जुलैत अर्ज भरा, तीनेक महिन्यांत बायकोलाही वर्क परमिट. शनिवारी माझ्या मैत्रिणीकडे, नेत्राकडे पॉटलक होतं. तिथे जेवणाकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

"अर्जाच्या मेडिकलची अपॉइंटमेंट मिळाली का तुम्हाला?" नेत्राने विचारलं. "आम्ही चेस्ट एक्स-रेसाठी टोलिडोपर्यंत ड्राइव्ह करतोय, यार! इथे सगळं फुल्ल."

"आम्ही सोमवारी फोन करू," मी म्हटलं. "हो ना रे?"

शंतनू चटणी वाढून घेत होता. त्याने मान वर केली नाही.

घरी येताना गाडीत मी पुन्हा विचारलं. त्याने रेडिओ बंद केला.

"आपल्याला नाही भरता येणार," तो म्हणाला. "जानेवारीत मी कंपनी बदलली ना. नव्या कंपनीत प्रोसेस पहिल्यापासून. अजून पहिला, लेबरचा अर्जच फाइल नाही केला त्यांनी."

"तू म्हणालास, फाइल ट्रान्सफर होते."

"म्हणालो."

"तुला माहीत होतं?"

"एचआरने सांगितलं होतं. पण अगं, सीनिअर मॅनेजर! पुन्हा चान्स आला नसता. आणि तारखा अशा ओपन होतील हे कोणाला माहीत होतं?"

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"मग?" तो म्हणाला. खरंच कळत नसल्यासारखा तो माझ्याकडे बघत होता. मला राग आला तो नोकरीचा नव्हता, त्या 'मग'चा होता.

भांडले असते. पण भांडून जायचं कुठे? बँकेतलं खातं त्याच्या पगाराचं, इन्शुरन्स त्याच्या कंपनीचा, व्हिसा त्याच्या व्हिसाला लोंबणारा. मला तर रुसून माहेरी जायलासुद्धा त्याच्याच कार्डावर तिकीट काढावं लागलं असतं. मी घरी येऊन वड्यांचं रिकामं भांडं घासलं.

ऑक्टोबरात केटी आली. लायब्ररी सायन्स नुकतंच झालेली, कामसू पोरगी, तिच्यावर रागावायलाही जागा नव्हती. निरोप घ्यायला गेले तेव्हा मी तिला आम्ही केलेल्या नोंदींच्या कार्डांचे खण दाखवले. मार्गारेटबाई पाठ करून कपाट लावत राहिल्या, आधीच लावलेलं. निघताना त्यांनी माझे दोन्ही हात धरले. बस थांब्यावर मी मनसोक्त रडले. ॲन आर्बरमध्ये थंडीने सगळ्यांचेच डोळे वाहतात, कोणी विचारत नाही.

डिसेंबरात एका संध्याकाळी पोळ्या करत होते, तेव्हा फोन वाजला. केटी होती.

"सॉरी हं, घरी फोन केला. मार्गारेट पडून आहे, सर्दी झालीय, आणि मी अडकलेय. एकेचाळिसावा आर्चडीकन १६४०च्या जूनमध्ये नेमला गेला. पण त्याच्या सहीचा कागद आहे १६४०च्या फेब्रुवारीचा. नेमणुकीच्या आधीच सही? मी त्याला खोटा कागद म्हणून बाजूला काढतेय."

"थांब!" मी ओरडलेच. "काढू नकोस. त्या काळी त्यांचं साल पंचवीस मार्चला बदलायचं. फेब्रुवारी वर्षाच्या शेवटी यायचा. म्हणजे सही जूननंतरची, आठ महिन्यांनंतरची."

"ओह माय गॉड! तुला हे कसं माहीत?"

"आमच्याकडे साल पाडव्याला बदलतं, शेजारच्या गुजरातेत दिवाळीला, आणि दफ्तरात तर एकाच कागदावर दोन-दोन सन. आम्ही आधी महिना बघतो, मग साल. आता असं कर, जानेवारी ते मार्चची सगळी कार्डं काढ. पेन घे."

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. फोन मानेत धरून मी ओट्यापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत होते. वीस मिनिटं झाली असतील. फोन ठेवला तेव्हा शंतनू टेबलाशी येऊन बसला होता, लॅपटॉप उघडून.

"कोणाचा फोन?"

"ऑफिसचा," मी म्हटलं.

त्याने वर पाहिलं.

तव्यावरची पोळी एका बाजूने पार काळी झाली होती. ती मी तशीच उचलली आणि त्याच्या ताटात वाढली.