लोरीनच्या कोटाचा फाटका खिसा

मित्रांनो, मी एक जुना कोट. 'आहे' म्हणू की 'होतो', ते कोर्टाच्या हाती. एकात एक अशा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत मला कोंबलंय, तोंडाला लाल पट्टी चिकटवलीय आणि पोलिसांच्या मुद्देमालाच्या खोलीत टाकलंय. बाही हलवायलाही जागा नाही.

मी जाड्या कॅनव्हासचा. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियाच्या डोंगरात मेलविन टॅकेट कोळसा खणायचा, त्याने मला वापरलं. खाणीने त्याची छाती खाल्ली, मग मी त्याच्या लेकीच्या, लोरीनच्या अंगावर आलो. "बाबांचा कोट आहे, विकणार नाही," ती म्हणायची. पण माझा उजवा खिसा फाटला, तो मात्र शिवायचा राहून गेला. किल्ल्या, सुटे पैसे, गोळ्या, सगळं त्यातून अस्तरात घरंगळायचं. अख्ख्या गावाला त्या खिशाची गंमत वाटायची.

त्या थंडीत पेट्रोलपंपावर तिचा भाऊ ड्वेन गाडीत काकडत बसला होता. लोरीनने मला त्याच्यावर पांघरलं आणि ती कॉफी आणायला गेली. तेवढ्यात त्याने एका पुडीतली नशेची पूड ओढली आणि उरलेली पुडी गाठ मारून माझ्या खिशात टाकली. ती सरळ अस्तरात गेली. लोरीन परतली तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. तिने लगेच फोन केला.

अँब्युलन्सवाल्यांनी नाकात औषध मारून ड्वेनला शुद्धीवर आणलं आणि दवाखान्यात नेलं. लोरीनने मला अंगात घातलं. इतक्यात वेड मलिन्स आला. हा पोलीस शाळेत तिच्याच वर्गातला.

"लोरीन, झडती घ्यावी लागेल. खिशात टोचेल असं काही आहे?"

"नाही रे बाबा. भोक आहे तेवढं. ते टोचत असेल तर बघ."

दोघंही हसले.

वेडने हात घातला. भोकातून बोटं आत गेली, पुडी बाहेर आली. पुडीची गाठ शाबूत होती, मित्रांनो. मी साक्षीला होतो. पण वेडने गेल्याच आठवड्यात भीतीचं प्रशिक्षण घेतलं होतं: ही पूड नुसती हाताला लागली तरी माणूस मरतो, असं त्यात शिकवलं होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला, तो धापा टाकायला लागला आणि खाली बसला. संध्याकाळी घरी जाऊन तो जेवलाही.

लोरीन मात्र घरी गेली नाही. मदतीला आलेल्या माणसाला विषारी द्रव्याच्या धोक्यात घातलं, हा नव्या कायद्यातला गुन्हा तिच्यावर लागला. पुडी माझी, असं ड्वेनने कोर्टात रडून सांगितलं. सरकारी वकील म्हणाला, "कोट कुणाच्या अंगात होता?" मग त्याने वेडला तो विनोद पुन्हा म्हणायला लावला. वेड मान खाली घालून म्हणाला. "म्हणजे भोक तिला माहीत होतं," वकील म्हणाला. "तरी ती 'नाही' म्हणाली."

प्रश्न टोचण्याचा होता. पूड टोचत नाही. पण गावात ज्यावर हसतात, त्यावर कोर्टात शिक्षा होते. पाच वर्षं. पिशवीतल्या मला बघून ती एवढंच म्हणाली, "बाबांचा कोट तरी परत द्या." नाही दिला. मी धोकादायक आहे. मला जाळणार आहेत.

काल माझ्या शेजारी एक पिशवी आली. आत बुटांची जोडी होती, चिखल ओलाच.

"तुझा मालक?" मी विचारलं.

"गेला. पूड ओढली, मित्रांनी त्याला रस्त्याकडेला सोडलं आणि पळाले."

"कुणी फोन नाही केला?"

"एकजण करत होता," बूट म्हणाले. "दुसरा म्हणाला, वेडा आहेस का? लोरीनचं काय झालं, माहीत नाही?"

मित्रांनो, फाटके खिसे वेळेवर शिवा, असं सांगून माझ्यासारखे कोट आपली गोष्ट संपवतात. मी तसं सांगणार नाही. त्या बुटांचा मालक मेला, तो माझा खिसा फाटका होता म्हणून नव्हे. फोन करणारीला तुम्ही डांबलंत, म्हणून मेला. खिसा दोऱ्याने शिवता येतो. हे कशाने शिवणार, ते तुम्ही सांगा.