पाठीवरून जमिनीवर

मी एक जुनी लोकरी शाल आहे, मित्रांनो. माझा लाल रंग विटला आहे. डोंगरावरच्या बटाट्याच्या शेतांजवळ, जिथे दुपारीही वारा बोचतो, तिथे एउलोहियाने मला विणले. तेव्हा तिचे दिवस भरत आले होते.

आमच्याकडे बाळ शालीत बांधून आईच्या पाठीवर वाढते. एउलोहिया चालता चालता मागे बघून सांगायची, "विल्मा, हा बघ दगड. हा चरतोय तो लामा, थुंकतो हं मेला!" विल्मा माझ्यात खिदळायची. संध्याकाळी एउलोहिया मला अंगणात पसरून तिला माझ्यावर पालथी घालायची.

विल्मा पाच महिन्यांची असताना एउलोहिया तापाने गेली. तिला टेकडीवर पुरले.

तिचा नवरा फोर्तुनातो मला स्वतःच्या पाठीवर बांधू लागला. पाणवठ्यावर लोक म्हणत, "काय रे, आता घागराही घालणार का?" तो माझी गाठ घट्ट करून पाणी भरत राही. मला त्याचा अभिमान वाटायचा.

पण तो दिवसभर मला सोडतच नसे. आमच्याकडे मानतात, की बाळ पडून दचकले तर जमीन त्याचा जीव धरून ठेवते. जमिनीने त्याची बायको नेली होती; मुलगी तो तिला द्यायला तयार नव्हता. खणताना, जेवताना, विल्मा पाठीवरच. तिला दिसायची ती त्याच्या टोपीची मागची बाजू. तो एक शब्द बोलत नसे. हळूहळू तिचे हसणे थांबले. ऊब मी देत होते, आणि बांधूनही मीच ठेवत होते.

विल्माला दहावा महिना लागला तेव्हा त्याची सासू सातुर्निना आली. तिने विल्माला खाली बसवले. विल्मा कलंडली.

"जावईबापू, ही पोरगी आहे की बटाट्याचं पोतं?"

"आई, खाली नको. जमीन धरेल तिला."

"धरलं तर हाक मारून आणू परत. माझी चार पोरं आणलीत मी. उचलू नकोस!"

तिने मला अंगणात पसरले. विल्माच्या हातात उकडलेला मऊ बटाटा दिला. फोर्तुनातोला समोर बसवले.

"बोल तिच्याशी."

"काय बोलू?"

"माझी लेक काय बोलायची?"

त्याने अंगणातला एक दगड उचलला. मग म्हणाला, "हा... दगड." आणि रडू लागला.

रोज असेच चालले. विल्मा बसू लागली, मग रांगू लागली. एका दुपारी ती माझ्या काठावरून पुढे गेली आणि तिचे कपाळ दगडावर आपटले. तिने टाहो फोडला. फोर्तुनातोचा चेहरा पांढरा पडला. सातुर्निनाने मला त्याच्या हातात दिले. जीव परत बोलवायचा तर बाळाचे कापड हलवून नावाने हाक मारायची असते.

"ये, एउलोहिया, घरी ये," तो म्हणाला.

सातुर्निनाने त्याला टोकले नाही. तिने डोळ्याला आपल्या शालीचे टोक लावले. कोणी आले नाही.

"ये, विल्मा," तो हळूच म्हणाला.

विल्मा रडत रडत, रांगत त्याच्यापर्यंत आली आणि तिने मला मुठीत धरले.

आता मी घडी घालून पडून असते. एउलोहियाने विणलेला माझा काठ विल्माच्या गुडघ्यांनी झिजला. त्याची मला तक्रार नाही. मित्रांनो, घरात दुःख असले तरी बाळाला माझ्यात बांधून ठेवू नका. मला खाली पसरा, समोर बसा, आणि दगड दाखवून एवढेच सांगा, की हा दगड.