वळणावरचा खोकला

लोंग सेबांगा गावात मुरंगच्या गाडीला कुणी गाडी म्हणत नसे, म्हातारी म्हणत. चौकट एका गाडीची, इंजिन दुसरीचं, केबिन तिसरीची आणि मागचा लाकडी हौदा मुरंगने स्वतः ठोकलेला. लवास शहराहून येणारा लाकूडतोड्यांचा रस्ता म्हणजे गुडघाभर चिखल, पण म्हातारी पोचायचीच. फक्त खोकायची. चालता चालता एक ठोका चुकायचा आणि मागून पांढरा धूर सुटायचा. एखादी बाई दुखणं अंगावर काढते तशी ती कितीतरी दिवस तो खोकला काढत होती.

मुरंगच्या आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पसरला होता, पण कान शाबूत होते. डोंगरावरच्या वळणावर खोकला ऐकू आला की ती चुलीवर भात चढवायची. गाडी निसरड्या उतरणीवरून दारात येईतो भात घोटून, पानांत बांधून तयार. यात कधी चूक झाली नाही. त्या दिवशीही झाली नाही. मुरंग तापाने लवासच्या दवाखान्यात पडला होता, डॉक्टरांनी शर्थ केली, आणि गावात फोनला रेंज नव्हती. वळणावर खोकला आला, आईने भात चढवला, पुड्या बांधल्या. गाडी मुरंगचा मित्र लाबो चालवत होता. मुरंग मागच्या हौद्यात होता, पेटीत.

मुरंग जन्मल्यापासून गाव त्याच्या आईबापाला तिनान मुरंग आणि तामान मुरंग म्हणत होतं, मुरंगची आई, मुरंगचा बाप. तो गेला तरी नावं तीच राहिली. दुसरं काय म्हणणार? दिवसातून दहादा लोक त्यांना त्याच्या नावाने हाक मारत आणि दोघं ओ देत.

डोंगरातल्या गावाला गाडी झाकून ठेवणं परवडत नाही. लाबो ती चालवू लागला. पहिल्याच खेपेला वळणावर खोकला आला आणि तामान मुरंगने पाहिलं, बायको उठली, तांदूळ धुतले, भात चढवला. कुणासाठी, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. भात झाल्यावर ती एक पुडी मांडीवर घेऊन बसली आणि पानातला भात दगडासारखा होईतो बसून राहिली. मग हे प्रत्येक खेपेला होऊ लागलं. म्हाताऱ्याचं काळीज तुटायचं.

एके दिवशी ती चर्चमध्ये गेली असताना लाबो आला.

"तामान मुरंग, उद्या रिनिंगला बाळंतपणासाठी लवासला न्यायचंय. सुईण म्हणते पोर आडवं आहे. म्हातारी अशी ठोके चुकवत, मिसिंग मारत असताना खिंड चढणार नाही."

"मुरंग चढवायचा की."

"तो मुरंग होता हो. माझ्या हातात गाडी म्हणजे माकडाच्या हाती कोलीत."

तामान मुरंग एवढ्याचीच वाट पाहत होता. खोकला गेला की बायकोचं ते भात घेऊन बसणंही जाईल, असा त्याचा हिशेब.

आजारी इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोटी, शोधायची त्याची रीत जुनी होती. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित सैल करायचा. नट सैल होताच इंजिन कळवळलं, तर तो इंजेक्टर कामाचा. काहीच फरक पडला नाही, तर तो मेलेला. पहिल्याला इंजिन कळवळलं. दुसऱ्यालाही. तिसऱ्याचा नट सोडला, डिझेल बोटांवर ओघळलं, आणि इंजिन आपलं होतं तसंच चालत राहिलं. एकावाचून ते खुशाल चालत होतं, याचा त्याला उगाच राग आला.

त्याने तिसरा इंजेक्टर काढून बाहेरच नळीला जोडला आणि लाबोला स्टार्टर मारायला सांगितलं. बारीक फवारा उडायला हवा होता. म्हाताऱ्याच्या तोंडातून लाळ गळावी तशी धार लागली.

"आता नवा कुठून आणायचा?" तो म्हणाला.

लाबोने सीटखाली हात घालून कागदात गुंडाळलेला कोरा इंजेक्टर काढला. "मुरंगने घेऊन ठेवला होता. मागच्याच वर्षी."

"आणि बसवला का नाही त्या गाढवाने?"

लाबो मान खाजवत राहिला. "तो म्हणायचा, म्हातारी बरी झाली तर आईला कळणार कसं? मग गार होऊन कडक झालेला भात खावा लागेल."

तामान मुरंग टायरवर बसला आणि तेलकट हातांत तोंड खुपसून रडला. मग उठला आणि नवा इंजेक्टर बसवला. पोराने आईसाठी ठेवलेलं दुखणं आईसाठीच काढून टाकायचं, असं त्याने मनाशी ठरवलं. इंजिन सुरू झालं, एकही ठोका चुकला नाही. जुना इंजेक्टर फेकवेना, म्हणून त्याने तो खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी लाबो रिनिंगला पोचवून परतला तेव्हा उन्हं उतरत होती. तिनान मुरंग दारात तांदूळ पाखडत होती, कान वळणाकडे. कुणाची तरी गाडी अंगणात येऊन थांबली, तिने मानही वर केली नाही.

"तिनान मुरंग! मुलगी झाली रिनिंगला! दोघी सुखरूप!"

तिचं सूप थांबलं. "लाबो? तू कशाने आलास? म्हातारी कुठंय?"

"ही काय समोर."

ती चाचपडत आली आणि गरम बॉनेटवर हात ठेवून ऐकत राहिली. मग मागे येऊन उभ्या राहिलेल्या नवऱ्याकडे वळली.

"तू बरी केलीस हिला."

"मला बघवेना गं. भात करून बसायचीस. तो येणार नाही."

"मला ठाऊक नाही होय? माझ्या हाताने माती दिली मी त्याला. पण वळणावर खोकला आला की भात शिजेपर्यंत तो वाटेवर असायचा. तेवढाच उरला होता माझ्याकडे."

म्हाताऱ्याने घाईघाईने खिशातला इंजेक्टर काढला. "हा घे, जुना आहे माझ्याकडे. आत्ता बसवतो परत."

तिने हात पुढे केला, इंजेक्टर घेतला आणि मूठ मिटली.

"नको," ती म्हणाली. "उद्या दुसरी कुणी अडलेली असेल."

लाबोने इंजिन बंद केलं.

"भुकेला असशील रे," ती त्याला म्हणाली. "बस. चूल पेटवायचीय अजून."

ती आत गेली, तांदूळ धुतल्याचा आवाज आला. त्या घरी पहिल्यांदाच गाडी आधी आली आणि भात मागून चढला.