चित्र न दिसणाऱ्यांसाठी

हेमांगी शनिवारी दुपारी नवी झाली. सोमवारपर्यंत ती गल्लीत सगळ्यांना नवी दिसू लागली होती. फक्त तिच्या नवऱ्याला, शशांक टोणपेला, ती जुनीच दिसत होती, आणि जुनीसुद्धा धड नाही. तिचा आवाज तिच्या तोंडापासून वीतभर डावीकडून येत होता. चष्मा कपाळावर चढून बसला होता. ती हसली की हसू उजवीकडून बाहेर निसटायचं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर पडायचं आणि काही वेळ तिथंच राहायचं.

शशांक घाबरला नाही. असल्या गोष्टी त्याच्या रोजच्या कामातल्या होत्या. कोल्हापुरात राजारामपुरीत, मिठाईच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर, वेबसाइट बनवणारी एक लहान कंपनी होती आणि तयार झालेलं पान वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये उघडून तपासणं हे तिथं त्याचं काम होतं. एका ब्राउझरमध्ये देखणं दिसणारं पान दुसऱ्यात विसकटतं; बटण मजकुरावर चढतं, फोटो चौकटीबाहेर लोंबतो. मग शशांक आत शिरून खास त्या ब्राउझरसाठी काहीतरी जुगाड करून ठेवायचा. त्याच्या टेबलावर जुनाट कॉम्प्युटर ओळीनं मांडलेले होते, आणि त्यातल्या एकावरचा ब्राउझर तर तो बनवणाऱ्यांनीच सोडून दिला होता. पान त्याच्यातही नीट दिसलं की शशांकला जेवण गोड लागायचं.

तेव्हा घरीही त्यानं तेच केलं. दुसरीकडे कसं दिसतं ते आधी पाहायचं.

"वहिनी कशा दिसतात रे?" दूध घालायला आलेल्या मारुतीला त्यानं विचारलं.

"मोकळ्या दिसत्यात," मारुती म्हणाला. "आधी सगळं गच्च असायचं."

शेजारच्या खाडेकाकू कुंडीतल्या तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांना विचारलं.

"मोकळी दिसते बाई. जागा सोडलीय छान, इकडून तिकडून."

इस्त्रीवाल्यानंही मोकळ्या हाच शब्द वापरला. सगळीकडे सारखी. जे शशांकला एका पानाच्या बाबतीत महिनोन् महिने जमत नसे, ते हेमांगीनं एका दुपारीत साधलं होतं. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर त्यानं पाठ थोपटली असती. इथं मात्र त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला मारुती आवडेनासा झाला आहे. मारुती रोज दारात उभा राहून माप रिकामं होईपर्यंत हेमांगीकडे बघतो आणि त्याला ती पूर्ण दिसते. तो फक्त दूधवाला आहे.

ऑफिसात त्या आठवड्यात एका सराफी पेढीच्या वेबसाइटचं रूप बदलायचं काम चाललं होतं. नवं रूप निनादनं केलं होतं. निनाद शशांकपेक्षा बराच लहान, त्याला दादा म्हणणारा, आणि त्याच्याच शेजारी बसणारा. फोटोंना ओळी लिहायचं कामही निनादकडेच होतं. कारण कधी कधी फोटो उघडत नाही. त्या जागी बारीक किनारीची पांढरी चौकट उरते, कोपऱ्यात फाटक्या चित्राची खूण येते आणि चित्रात काय होतं ते सांगणारी एक ओळ दिसते. ती ओळ ज्यानं चित्र पाहिलंय त्यानं लिहायची, ज्याला ते दिसणार नाही त्याच्यासाठी. निनाद ती हातांपासून सुरू करायचा. "उजव्या हातानं पाटल्या सारणारी तरुणी." "दोन्ही हातांनी साज गळ्याशी धरून उभी असलेली नवरी." इतर लोक नुसतं "दागिने" लिहून मोकळे होत.

भिसेमॅडमनी, म्हणजे कंपनीच्या मालकिणीनं, मीटिंग घेतली.

"जुन्या ब्राउझरसाठी वेगळं काही करायचं नाही या वेळी," त्या म्हणाल्या.

"मग त्या लोकांना पान मोडकं दिसेल मॅडम," शशांक म्हणाला.

"शंभरात दोघे आहेत ते."

"दोघे आहेत ना पण."

"शशांक, त्या दोघांपायी बाकीच्या अठ्ठ्याण्णवांना आपण जुनंच दाखवत बसायचं का? त्यांनी बदलावं की."

निनादनं बिस्किटाची बशी शशांककडे सरकवली.

चहाच्या वेळी निनाद म्हणाला, "वहिनींचं मस्त झालंय हं दादा. एकदम स्वच्छ."

"तू कधी पाहिलंस?"

"काल संध्याकाळी. घरी आलो होतो की."

"मी कुठं होतो?"

"समोरच होतासा की. पाणी तुम्हीच आणलंसा." निनादनं चहात फुंकर मारली. "फक्त तुम्ही सारखं फ्रिजकडे बघून बोलत होतासा. वहिनी सोफ्यावर होत्या."

शशांकला फ्रिज आठवला. काल संध्याकाळी हेमांगी फ्रिजजवळ बराच वेळ उभी होती आणि काही बोलत नव्हती.

"कशी दिसते, सांग," तो म्हणाला.

"आता काय सांगायचं?"

"सांग की. लिहितोस तसं."

निनादनं कप खाली ठेवला. "कप धरताना डाव्या हाताची करंगळी जरा लांब ठेवतात. अंगठी नाहीये. मनगटाशी एक तीळ आहे, बारीक, घड्याळाच्या पट्ट्याखाली अर्धा जातो. मग ऐकताना तळहातावर हनुवटी..."

"पुरे."

"तुम्हीच विचारलंसा."

संध्याकाळी शशांक घरी आला आणि आधी करंगळी शोधू लागला. हेमांगीच्या डाव्या हाताची सगळी बोटं एकावर एक चढून एकच जाड बोट झालं होतं. तिळाच्या जागी लहानसा पांढरा चौकोन होता.

"हेमा, माझ्यासाठी काहीतरी कर," तो म्हणाला. या वेळी अंदाज घेऊन तो सोफ्याकडे तोंड करून बोलला.

"काय करू?" आवाज खिडकीकडून आला.

"मला नीट दिसशील असं. थोडंसंच. बाकीच्यांना राहू दे तसंच."

"तेच तर करत होते रे इतकी वर्षं," हेमांगी म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "तू यायच्या वेळी जुनं हसून ठेवायचे. भाजीचं, शाळेचं, तुला समजेल असं बेतून सांगायचे. भूगोलाचा एक तास शिकवून येत नव्हता एवढा थकवा त्यानं यायचा. आता बंद केलं."

"सांगायचंस तरी."

"सांगितलं ना. दरवेळी तू म्हणालास, नंतर."

"निनादला कसं दिसतं सगळं?"

"सगळ्यांनाच दिसतं, शशांक. निनाद त्यातलाच एक."

"तो तुझ्या हाताकडे बघतो."

"बघू दे की. हात आहे तो."

बुधवारी ती डाव्या भिंतीला लागली. शशांक ऑफिसातून आला तेव्हा हेमांगी सोफ्यावर नव्हती आणि फ्रिजजवळही नव्हती. भिंतीच्या कडेनं वरून खाली, एकाखाली एक, तिचं सगळं ओळीनं आलं होतं. आधी तिचं नाव. खाली चष्मा. त्याखाली घड्याळ, शाळेची पिशवी, एक खोकला, उद्या गॅसचा नंबर लावायचा आहे हे वाक्य, आणि अगदी तळाशी, फरशीला टेकून, माहेरचं आडनाव. वेबसाइटच्या पानाचा रंग-मांडणीचा साज उतरला की पान असंच दिसतं. सगळं असतं, फक्त रूप नसतं. शशांक खुर्ची घेऊन भिंतीसमोर बसला आणि पुन्हा पुन्हा वरून खाली वाचत राहिला. त्यात कुठंही त्याचं नाव नव्हतं.

गुरुवारी घर अरुंद झालं. हॉलच्या मधोमध टेबल, सोफा आणि दोन खुर्च्या मावतील एवढा एक पट्टा राहिला आणि दोन्हीकडे कोरं पांढरं पसरलं. शशांकनं त्या पांढऱ्यात हात घातला, तर हात मनगटापासून दिसेनासा झाला. तो त्यानं पटकन मागे घेतला. हेमांगीला खोली पूर्वीपेक्षा रुंद झाल्यासारखी वाटत होती. उजवीकडच्या पांढऱ्यातून फोडणीचा वास आला, मग कुकरची शिट्टी.

"जेवायला ये," ती आतून म्हणाली.

"कुठून येऊ?"

"सरळ ये की. एवढी जागा आहे."

तो गेला नाही. तिनं ताट आणून पट्ट्याच्या कडेला ठेवलं. आमटी वाटीच्या बाहेर, वाटीपासून दोन बोटांवर, गोल उभी होती. त्यानं ती तशीच खाल्ली.

शुक्रवारी सराफांची नवी वेबसाइट सुरू झाली. शशांकच्या टेबलावरचे जुने कॉम्प्युटर शिपायानं एका खोक्यात भरले. भिसेमॅडमनी पेढे वाटले. निनादचं सगळ्यांनी कौतुक केलं आणि त्यानं ते मान खाली घालून ऐकून घेतलं, त्यामुळे ते आणखी वाढलं.

"दादा, उद्या संध्याकाळी येतो घरी," जाताना तो म्हणाला. "वहिनींनी बोलावलंय. शाळेच्या वेबसाइटचं काहीतरी विचारायचंय त्यांना."

"ये की," शशांक म्हणाला. "मी आहेच."

शनिवारी उन्हं कलायच्या सुमाराला निनाद आला. त्यानं चप्पल काढली, "काय दादा" म्हणाला आणि थेट उजवीकडच्या पांढऱ्यात चालत गेला. आधी त्याचा खांदा गेला, मग पाठ, शेवटी टाच. शशांक पट्ट्याच्या कडेशी उभा राहिला. आत खुर्च्या सरकल्या. बशीत कप ठेवल्याचा आवाज आला. निनाद काहीतरी हळू म्हणाला आणि हेमांगी हसली. हे हसू शशांकनं ऐकलेलं नव्हतं. ते कॅलेंडरवर पडलं नाही, कुठूनही निसटलं नाही. ते जिथं उमटलं तिथंच पूर्ण झालं.

"हेमा," त्यानं हाक मारली.

"बस ना," ती म्हणाली. "इथंच आहे मी."

त्यानं वळून पाहिलं. टेबलापलीकडे, सोफ्याच्या जागी, बारीक किनारीची पांढरी चौकट उभी होती. बसलेल्या माणसाएवढी उंच. वरच्या कोपऱ्यात फाटक्या चित्राची खूण होती. खाली एक ओळ होती:

डाव्या तळहातावर हनुवटी टेकवून हसणारी स्त्री. समोर कुणीतरी बसलेलं आहे.

शशांकनं ओळ दोनदा वाचली. ती हातापासून सुरू होत होती. समोरच्या खुर्चीवर कुणी नव्हतं, निदान त्याला तरी तिथं कुणी दिसत नव्हतं. त्यानं खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवून पाहिला. बैठक कोमट होती.

तो चटकन त्या खुर्चीत बसला. पाठ ताठ केली, शर्टाची कॉलर नीट केली आणि चौकटीकडे तोंड करून हसला.

डावीउजवीकडचं पांढरं खुर्चीच्या पायांना येऊन लागलं. आत, अगदी कानाजवळ, कुणीतरी सावकाश टाइप करत होतं. चौकटीखालची ओळ शेवटाकडून एकेक अक्षर पुसली गेली, मग पहिल्या शब्दापासून पुन्हा उमटू लागली. शशांक हसू तसंच धरून वाचत राहिला.

डाव्या तळहातावर हनुवटी टेकवून बसलेली स्त्री. समोर रिकामी खुर्ची.