मला पुसणारे हात

मित्रांनो, मी एक जुने पुलपिट आहे. चर्चमध्ये पाळक ज्याच्यामागे उभे राहून उपदेश करतात, ते. मला घडवले तेव्हाचे पाळक चांगले ताडमाड होते. सुताराने त्यांच्या छातीपर्यंत माझी उंची ठेवली. पुढे आलेल्या ठेंगण्या पाळकांचे नुसते कपाळच लोकांना दिसायचे. तरी माझा तोरा काही कमी झाला नाही.

माझ्यामागून बोलायचे पुरुषांनी आणि मला पुसायचे बायकांनी, असा इथला रिवाज होता. दर शनिवारी एक शिक्षिका यायची. माझ्या नक्षीतली धूळ काडीने काढायची, मला तेल लावायची. मग इकडेतिकडे बघून शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एखादा उतारा वाचायची आणि रिकाम्या बाकांना समजावून सांगायची. इतके छान समजावणे भरल्या बाकांच्या नशिबी क्वचितच आले.

एकदा पाळकांच्या घशाचे ऑपरेशन झाले. त्यांनी रविवारचा उपदेश शिक्षिकेवर सोपवला. चर्चच्या मंडळीत शेवटचा शब्द तिच्या बाबांचा असे. ते माझ्यावर हात आपटून म्हणाले, "बायकांनी सभेत गप्प बसावं, असं प्रेषितानं शास्त्रातल्या पत्रात लिहिलंय. वाचता येतं ना तुला?"

"तुम्हीच शिकवलंत, बाबा. त्याच पत्रात, थोडं आधी, बायकांनी प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं झाकावं असंही आहे. तोंडच उघडायचं नव्हतं, तर डोकं झाकायला कशाला सांगितलं असतं?"

"म्हणजे वचन खोटं?"

"दोन्ही खरी. म्हणून तर एकच ओळ धरून बसायचं नाही. तिथल्या सभेत गोंधळ होत असणार, तो थांबवायला ती ओळ लिहिली, असं मला वाटतं."

"तू वर चढलीस, तर मी उठून जाईन."

"मला फार वाईट वाटेल, बाबा. पण मी चढणार."

रविवारी ती डोक्यावरून पदर घेऊन आली. माझ्यामागे तिने एक खोके ठेवले आणि त्यावर उभी राहिली. बाबा उठले आणि सगळ्यांदेखत बाहेर गेले. तिने माझ्या कडा घट्ट धरल्या. तिचा आवाज खणखणीत होता. प्रभूची कबर रिकामी आहे, तो पुन्हा उठला, ही बातमी आधी बायकांनीच आणली आणि शिष्यांना ती बडबड वाटली, हे तिने सांगितले. मागून एक आजी ओरडली, "अगदी खरं गं बाई!"

माझ्या उंचीवरून खिडकीबाहेरचे दिसते. बाबा घरी गेले नव्हते. खिडकीखाली उभे राहून ते ऐकत होते.

आता महिन्यातला एक रविवार तिचा असतो. बाबा अजून आत येत नाहीत. पण त्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी येतात आणि ती खिडकी बाहेरून ओढून सताड उघडतात.

मित्रांनो, मला वाळवीपासून जपा. पण जे हात मला पुसतात, त्यांना माझ्यावर शास्त्रही उघडू द्या. आणि हो, त्या खिडकीच्या बिजागऱ्या गंजल्या आहेत. त्यांनाही थोडे तेल घाला. बाबांना फार जोर लावावा लागतो.