मानेवरचा काळा पट्टा

"शी! किती हा मळ! पार्लरवालीची मुलगी शोभतेस का?" लेकीची मान खाली दाबून आईने ब्लीचचा तिसरा थर फासला. चौदा वर्षांची पोर ओठ चावून सोसत होती. मानेच्या घडीत काळपट, जाडसर पट्टा होता. दगडाने घासला, लिंबाने चोळला, तरी हटेना. दिवसभर परक्यांचे चेहरे उजळवणाऱ्या बाईला घरातली ही मान बघवत नव्हती. कातडी लाल होऊन सोलून निघाली, तरी हिचा हात थांबेना. एकदा किळस आली की माणूस आंधळा होतो, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी मुलीच्या शाळेत तपासणी होती. वजन, कंबर, रक्तदाब, रक्तातली साखर. परवानगीच्या कागदावर सही न करता आई तणतणत शाळेत पोचली. "धडधाकट पोरीला सुया कशाला टोचता?"

नर्सबाई काही बोलणार, तोच त्यांना शेजारी उभ्या मुलीची सोललेली मान दिसली.

"हे कुणी केलं?"

"मीच. मळ निघत नव्हता."

"अहो, हा मळ नाही! शरीराला साखर नीट पेलवेनाशी झाली की पुष्कळदा मान अशी काळवंडते. शरीर ओरडून सांगतंय आणि तुम्ही त्याला ब्लीच लावताय?"

"पण ही तर ठणठणीत आहे!"

"दिसायला! हृदयाची, साखरेची दुखणी याच वयात गुपचूप शिरतात. आज कळलं तर खाणं, खेळणं, झोप सांभाळून सावरता येतं. दुखायला लागेपर्यंत थांबायचंय का?"

आई तरी हटून बसली. तेव्हा पोर खाली बघत म्हणाली, "घेऊ दे ना गं रक्त. मळ नाहीये असं त्यांनी लिहून दिलं, तर तू मला शी म्हणणार नाहीस."

अरेरे! इतके दिवस आईने किळस केली ती पोटच्या पोरीची! स्वतःच्याच हातांची तिला शिसारी आली. तिने कागद पुढे ओढून सही केली.

साखर मधुमेहाच्या काठावर निघाली, रक्तदाबही चढलेला. "डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. अजून वेळ गेलेली नाही," नर्सबाई म्हणाल्या.

"चुकले गं मी," म्हणत आईने लेकीला कुशीत घेतलं.

मंडळी, मुलांचं जे आपल्याला बघवत नाही ते झाकायला, रंगवायला आपण एका पायावर तयार! तपासा म्हटलं की मात्र नाकं मुरडतो. आग लागो असल्या नाकांना! पोर धडधाकट दिसते म्हणून सही अडवू नका. आधी तिला तपासून घ्या.