रडवते म्हणून झाकली

मी एक जुनी भिंत आहे, मित्रांनो, आणि सध्या माझा पारा चढलेला आहे. भिंतीला कान असतात हे तुम्ही ऐकलेच असेल. तिला रागही येतो, हे आज ऐका.

गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात, व्यायामाच्या खोलीत मी उभी आहे. पंधरा वर्षांपूर्वी पेठ तालुक्यातल्या चांगुणाबाईंनी मला गेरू लावला आणि त्यावर पांढऱ्या रंगाने भाताची आवणी काढली. वाकलेल्या बायका, हातात रोपे, गुडघाभर चिखल. माझ्यासमोर बसले की पेशंटचा श्वास संथ होई. कुणाच्या अंगावर काटा येई. मोठे डॉक्टरही पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवत.

मग बयाबाई आल्या, त्याही पेठच्याच. अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडलेला, वाचा गेलेली. मला पाहताच त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि त्या लुळ्या हाताची बोटे जराशी हलली, चिखलात रोप खोचावे तशी. व्यायाम घेणाऱ्या तेजस्विनीताईंनी ते पाहिले. बयाबाईंचा मुलगा धनराज ओझरच्या कारखान्यात कामाला. त्याला मात्र आसवेच दिसली.

"मॅडम, हे चित्र पाहिलं का आई लय रडती. झाका ते!"

"दादा, रडू द्या. त्यांचा हात..."

"तुमची आई असती तर?"

झाले! मोठ्या डॉक्टरांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स पडूनच होता, तो माझ्या तोंडावर ठोकला. गॉगल घातलेले डॉक्टर आणि खाली बावीस शुभेच्छुक. आग लागो त्या फ्लेक्सला! खिळे माझ्या बायकांच्या पाठीत घुसले. बयाबाईंचे रडणे थांबले, आणि बोटेही थांबली. आठ दिवस!

"आता कशी शांत हाय आई," धनराज म्हणाला. शांत! शांत तर दगडही असतो.

नवव्या दिवशी तेजस्विनीताई भडकल्या. "दादा, त्या शांत नाहीत, विझत चालल्यात! चित्र बघून आतून हलतात म्हणून रडतात, आणि हातही तेव्हाच हलतो. या, स्वतःच बघा." त्यांनी फ्लेक्स टराटरा फाडला.

बयाबाईंनी मला पाहिले. छाती वरखाली होऊ लागली, डोळे वाहू लागले. धनराजने घाईने रुमाल काढून त्यांच्या डोळ्यांपुढे धरला.

त्यांनी तो बाजूला सारला. उजव्या हाताने.

धनराजने रुमाल खिशात ठेवला. मित्रांनो, चित्रापुढे कुणाचे डोळे भरले तर पुसायची घाई करू नका. आणि भिंतीत खिळा ठोकण्याआधी तिच्यावर काय आहे ते एकदा डोळे उघडून बघा!